झेंडा वाचून दाखवणाऱ्या मास्तरसाहेबांना

आदरणीय मास्तरसाहेब,

नमस्कार आणि सलाम.

हे पत्र मी घरी आणूनही देऊ शकलो असतो. पण तुम्ही आमच्या शाळेसाठी जे केलं ते तालुक्यातल्या चार माणसांनी वाचावं, म्हणून उघड लिहितोय. नाव लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, तेवढं पाळतो.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची तयारी चालू असताना सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, तिरंगा लावू देत नव्हते, मग होता कोणता झेंडा?" महाराष्ट्राला स्वतःचा वेगळा झेंडा नाही, त्यामुळे निजामाच्या हैदराबाद संस्थानाला झेंडा असायचा हेच पोरांना नवीन. "निजामाचा, पिवळा," एवढं सांगून मी पुढं गेलो. पोरं मात्र थांबली नाहीत. मोबाइलवर चित्र शोधून त्यांनी ड्रॉइंग शीटवर ते उतरवलं. पिवळी जमीन, मधोमध पांढरा गोल, वर-खाली नक्षी. ती नक्षी नव्हती, अक्षरं होती, आणि आख्ख्या शाळेत ती वाचू शकणारं कुणी नव्हतं. माझे आबा उर्दूत शिकलेले. दोन पिढ्यांत घरातून लिपीच गेली.

तुमची ओसरी मला माहीत होती. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद घेऊन लोक तिथं बसलेले असतात, तुम्ही एक पैसा न घेता वाचून देता आणि वर चहा पाजता. त्या दिवशी कागदवाल्यांना "थोडं थांबा, शाळेचं काम आहे" म्हणत तुम्ही आमची शीट हातात घेतली आणि आधी सरळ धरली. आम्ही उलटी धरली होती.

मग भिंग लावून एकेक अक्षर. वरची ओळ, 'अल अज़मतु लिल्लाह', म्हणजे सगळं मोठेपण ईश्वराचं. मधे 'निजामुल्मुल्क आसफजाह', घराण्याच्या मूळ पुरुषाचा किताब. खाली 'या उस्मान', १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खानांचं नाव. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वर लिहिलं मोठेपण देवाचं, आणि खाली राजानं स्वतःला बसवलं." इतक्या वर्षांच्या शिकवण्यात त्या राजवटीबद्दल एवढं नेमकं मला बोलता आलं नव्हतं.

पांढऱ्या गोलाला मी चंद्र समजत होतो. तुम्ही म्हणालात, "कुलचा आहे, गोल रोटी." "झेंड्यावर भाकर?" असं म्हणत पोरं पुढं सरकली, आणि तुम्ही ती आख्यायिका सांगितली. पहिले आसफजाह औरंगाबादेत सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांना भेटायला गेले. संतांनी पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे पुढं केले. आसफजाहांनी सात खाल्ले, आणि संत बोलले की तुझं घराणं सात पिढ्या राज्य करील. कापडाचा पिवळा रंग आणि तो कुलचा झेंड्यावर आला. उस्मान अली खान सातवे. पोरं थक्क! तुम्ही मात्र लगेच सांगितलं की मधले नासिरजंग, मुजफ्फरजंग, सलाबतजंग हे मोजायचे नाहीत असं ठरवलं तरच हिशेब सातावर येतो, म्हणून गोष्ट गोष्टीसारखी ऐकायची. गोष्ट रंगात आलेली असताना ती तपासून दाखवणं सोपं नसतं, मास्तरसाहेब. त्या दिवशी मी मास्तर म्हणून तुमच्याकडून हे शिकलो.

आणि गोष्टीप्रमाणे तो झेंडा आपल्याच मातीत सुरू झाला! निजामाची राजधानी १७६३ साली हैदराबादला गेली, त्याआधी ती औरंगाबादेतच होती. मी मात्र लहानपणापासून तो परक्याचा झेंडा असंच ऐकत आलो होतो.

आबांची गोष्ट त्या दिवशी मी तुमच्यापुढं पहिल्यांदा नीट सांगितली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपल्याकडं तिरंगा लावणं हा गुन्हा होता. हैदराबादेत मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. आजीनं धोतराच्या कापडाला रंग देऊन तिरंगा शिवला, आबांनी तो रात्री गावाबाहेरच्या पिंपळावर बांधला. सकाळी पोलिसांनी तो उतरवला आणि आबा संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं उमरखेडला, स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात गेले. तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हा, ते उजळ माथ्यानं परतले.

ऐकून तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग पोरांना शोएबुल्ला खानांबद्दल सांगितलंत. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक. हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं उघड लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी त्यांचा खून केला. ज्या लिपीत पिवळ्या झेंड्यावरचं नाव लिहिलेलं, त्याच लिपीत त्या झेंड्याविरुद्धही लिहिलं गेलं होतं. माझ्या वर्गातली दोन मुलं घरी उर्दू बोलतात. त्या क्षणी त्यांचे चेहरे मी पाहिले. त्या चेहऱ्यांसाठी तुमचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही.

प्रदर्शनात पिवळ्या झेंड्याचं चित्र सुलट लावलं, प्रत्येक ओळीखाली तुम्ही सांगितलेला अर्थ. शेजारी खादीचा तिरंगा, उदगीरच्या कापडाचा, नांदेडला खादी समितीत शिवलेला. आजीनं जे लपून शिवलं ते आता आपल्याच जिल्ह्यात दिवसाउजेडी शिवलं जातं, हे पोरांनी आपणहून फलकावर लिहिलं. तुम्ही आलात, शेवटच्या बाकावर बसलात, भाषण करा म्हटलं तर हात जोडलेत. जाताना त्या सातवीतल्या पोरीला जवळ बोलावून तिच्या वहीत तिचं नाव उर्दूत लिहून दिलंत. आता वर्गातल्या सगळ्यांनाच आपापलं नाव तसं हवंय.

तुमचं भिंग माझ्याकडंच राहिलंय. रविवारी घेऊन येतो. सोबत अकरा पोरं असतील, तेवढी ओसरी मोकळी ठेवा.

तुमचा,
जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक