चाचा, तुमचे आभार मानायचे राहून गेले

चाचा, नमस्कार.

त्या दिवशी आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करून तुम्ही मोटरसायकलला किक मारून निघून गेलात आणि माझ्या तोंडातून नीट शब्दसुद्धा फुटला नाही. म्हणून हे लिहितोय. तुमचा पोरगा वाचून दाखवेल तुम्हाला. सगळं खरं लिही, माझी चूक झाकू नको, असं आप्पांनीच बजावलंय.

आमचा ट्रॅक्टर सेकंडहँड, २४ एचपीचा तीन सिलिंडरवाला मिनी. द्राक्षाच्या ओळीत मोठं धूड घालता येत नाही म्हणून आप्पांनी स्वतः चार गावं फिरून, पारखून घेतलेला. दिवाळीच्या आधी तो अडायला लागला. फवारणीचा ब्लोअर लावून ओळीत घातला की वीस-पंचवीस मिनिटं मस्त चालायचा, मग आवाज बसत बसत गप्प. अर्धा तास थांबलं की परत चालू. आणि वेळ कुठली, तर फळासाठीची गोडी छाटणी झालेली, बाग पोंग्यात, म्हणजे कोवळे कोंब फुटत असलेली, वरून दोन दिवस पाऊस. अशा वेळी फवारणी चुकली आणि डावणीची बुरशी शिरली तर पुढचे घड विसरायचे, हे निफाडकडच्या माणसाला सांगायला नको. औषध टाकीत कालवलेलं आणि ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध मेलेला, असे दिवस काढले आम्ही.

तुमच्या आधी तीन जण येऊन गेले. एकाने डिझेल फिल्टर दोनदा बदलला. दुसरा डिझेल पंप काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवून आणायला घेऊन गेला, चार दिवस आणि साडेअकरा हजार गेले, दुखणं तिथंच. तिसऱ्याने तर स्टार्टरसुद्धा न मारता सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, ७० हजार धरून चाला, आणि वर आप्पांच्या तोंडावर म्हणाला की असलं भंगार घेतं कोण. आप्पा काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत. आणि खरं सांगतो चाचा, मीपण त्यांना बोललो होतो, ते अजून टोचतं.

तुम्ही आलात, लगेच पाना बाहेर काढला नाही. आधी चहा घेतला आणि एकच विचारलं, "डिझेलची टाकी फुल असली की लवकर बंद पडतो का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, कारण अगदी तसंच होत होतं आणि हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मग ब्लोअर लावून ओळीत चालवायला लावला, स्वतः शेजारून चालत राहिलात, आवाज बसायला लागला तसं डिझेलच्या टाकीचं टोपण सैल केलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि इंजिन दोन-चार गचके खाऊन परत उठलं. मला पाण्याची प्लॅस्टिकची बाटली तोंडाला लावून ओढायला लावलीत, बाटली चपटी झाली, म्हणालात टाकीचं पण हेच होतंय, डिझेल जातंय पण वरून हवा येत नाही, मग पंपाला ओढता ओढवत नाही. टाकी भरलेली असली की वरची हवा थोडी, म्हणून गळा लवकर आवळतो. टोपण आधीच्यांनीपण उघडलं असेल, पण ते उलटं करून तुम्हीच बघितलं. आत सायकलच्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा, हवेच्या बारीक भोकावर घट्ट बसलेला.

तो तुकडा आप्पांनीच आषाढात लावला होता. पावसाचं पाणी डिझेलमध्ये जाऊ नये म्हणून. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. भोवती शेजारचे पाच-सहा जण उभे होते, आणि तिथं एक शब्द जरी वाकडा गेला असता ना चाचा, तर आप्पा परत त्या ट्रॅक्टरवर बसले नसते.

तुम्ही तो तुकडा दोन बोटांत धरलात, फिल्टरची वाटी काढून उन्हात धरलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बघा, पाण्याचा एक थेंब नाही. पाणी गेलं असतं तर पंपच गेला असता. बाबा, पंप तुम्ही वाचवलाय. गाडीपण चांगली पारखून घेतलीत."

बस. आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले आणि स्वतः जाऊन सीटवर बसले.

भोक तारेने साफ करून दिलंत, पैसे घेतले २०० रुपये, तेही पेट्रोलचे म्हणून. त्या जागी इंजिनचं काम आहे म्हणून तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही ७० हजार व्याजाने काढून दिले असते, आमची तयारीच झाली होती. कारागिरी पुष्कळांकडे असते, पण समोरच्या म्हाताऱ्या माणसाची मान खाली जाऊ न देणं हे कुठल्या गॅरेजात शिकवतात, चाचा?

बाग वाचली. आप्पा आता डिझेल टाकताना दरवेळी टोपणाच्या भोकात फुंकर मारून बघतात. तुमचा १६-१७ चा पाना आमच्या टूलबॉक्समध्ये राहिलाय, रविवारी आणून देतो. आप्पापण येतो म्हणालेत.