५८,८२,३५३ या संख्येचा ‘चमत्कार’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या डहाणू तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका विद्यार्थिनीने ५८,८२,३५३ ही संख्या पुठ्ठ्यावर रंगवून मांडली होती. तिचे ५८८ आणि २३५३ असे दोन तुकडे करून त्यांचे वर्ग काढले, तर ३,४५,७४४ आणि ५५,३६,६०९ येतात आणि त्यांची बेरीज पुन्हा ५८,८२,३५३ च भरते. मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर पडताळा घेतला. आकडेमोड चोख होती. खटकला तो वर लिहिलेला ‘दैवी संख्या’ हा मथळा, आणि असे का होते या प्रश्नावर मार्गदर्शक शिक्षकांनी दिलेले ‘तेच तर नवल आहे’ हे उत्तर.

नवल आहे, यात शंका नाही. पण त्याचे कारण नववीच्या बीजगणितात बसते. २३५३ च्या चौपटीत, म्हणजे ९,४१२ मध्ये, ५८८ मिळवले की नेमके १०,००० होतात. आणि ५८८ च्या चौपटीत १ मिळवला की २३५३. आता आपली संख्या म्हणजे ५८८ गुणिले १०,००० अधिक २३५३. यातील दहा हजारांच्या जागी ‘५८८ अधिक २३५३ ची चौपट’ ठेवून गुणाकार उलगडला, तर ५८८ चा वर्ग वेगळा निघतो आणि उरलेल्या दोन पदांतून २३५३ सामाईक काढल्यावर कंसात ‘५८८ ची चौपट अधिक १’, म्हणजे पुन्हा २३५३ च राहतो. झाला दुसरा वर्ग! या दोन अटी एकत्र केल्या की ५८८ ची सतरापट अधिक ४ म्हणजे १०,०००. म्हणून अशी जोडी मुळात सापडते, कारण १०,००० उणे ४, म्हणजे ९,९९६, यांना १७ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ५८८ येतो. याच १७ ने ५८,८२,३५३ ला गुणून पाहावे, १०,००,००,००१ येतात.

पुठ्ठ्यावर नसलेली, पण मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की ५८,८२,३५३ ही मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणारी) आहे, आणि मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता आलीच तर एकाच रीतीने येते. ती एकमेव रीत या संख्येने स्वतःच्या अंकांतच उघडी ठेवली आहे.

१९०५ साली याच डहाणूत जन्मलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता अशा संख्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांच्या गावच्या प्रदर्शनात तरी आयोजकांनी गणिताच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर ‘कारण’ असा एक रकाना सक्तीचा करावा, ही विनंती.

त्या मुलीला मी निघताना ९४१२ आणि २३५३ ही दुसरी जोडी लिहून दिली आहे. तिथेही वर्गांची बेरीज ९,४१,२२,३५३ च येते. कारण मात्र मुद्दाम सांगितलेले नाही.

— एक निवृत्त गणित शिक्षक, डहाणू