बाबांच्या रिपोर्टमधल्या आकड्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या पेम्फिगस या फोड येण्याच्या आजारासाठी केलेली डेस्मोग्लीन-३ ची रक्ततपासणी अजूनही पॉझिटिव्ह आली म्हणून तुम्ही धास्तावला आहात, असे आईकडून कळले. आजार पुन्हा उलटेल का, याचे होय किंवा नाही असे छातीठोक उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. पण त्या आकड्यावरून तो उलटणारच, असा जो निष्कर्ष तुम्ही काढलात तो मला पटत नाही.

पेम्फिगसमध्ये पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनांवर शरीराच्याच अँटीबॉडी हल्ला करतात, पेशी सुट्या होतात आणि फोड येतात. यांपैकी डेस्मोग्लीन-३ च्या अँटीबॉडी, तोंड पूर्ण बरे झाल्यावरही, कित्येक रुग्णांच्या रक्तात दीर्घकाळ सापडतात. डेस्मोग्लीन-१ चा आकडा आजाराच्या चढउताराशी अधिक जुळतो, आणि तुमचा तो निगेटिव्ह आहे.

फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर झालेल्या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रिटुक्सिमॅब (अँटीबॉडींचे मूळ असलेल्या बी-पेशी नष्ट करणारे, तुम्हालाही दिलेले औषध) आणि थोडा काळ स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना फोडमुक्त होते. केवळ स्टेरॉइड घेतलेल्यांत हेच प्रमाण ३४ टक्के होते. त्याच रुग्णांच्या पुढील अभ्यासात असे दिसले की, सुरुवातीला आजार फार तीव्र असणे, किंवा उपचारांच्या तिसऱ्या महिन्यात डेस्मोग्लीन-१ चा आकडा २० किंवा डेस्मोग्लीन-३ चा १३० अथवा त्याहून अधिक असणे, या तो लवकर उलटण्याच्या पूर्वसूचना ठरतात. तुमचे तिसऱ्या महिन्याचे दोन्ही आकडे या मर्यादांच्या खाली होते. अर्थात, रिटुक्सिमॅबने नष्ट केलेल्या बी-पेशी साधारणपणे सहा ते बारा महिन्यांत परतू लागतात, त्यामुळे येणाऱ्या काळात पुढच्या तपासण्या टाळून चालणार नाही.

आई, माझा भरवसा मात्र रक्तापेक्षा तुझ्या नजरेवर अधिक आहे, कारण बाबांचा आजार तोंडातूनच सुरू झाला होता. दात घासून झाल्यावर टॉर्च लावून गालांची आतली बाजू, हिरड्या आणि टाळू पाहत जा. कुठे सोललेली लाल जागा दिसली तर तारीख लिहून फोटो काढून ठेव. महिन्याभरात तीन किंवा अधिक नव्या जखमा झाल्या आणि त्या आठवडाभरात आपोआप भरल्या नाहीत, तर डॉक्टर त्याला आजार उलटणे म्हणतात. एखादी जखम दोन-तीन दिवसांत भरून आली, तर तेवढ्यावरून घाबरू नका.

आणि बाबा, बरे वाटते म्हणून प्रेडनिसोलोनची (म्हणजे स्टेरॉइडची) गोळी मनाने बंद करू नका. इतके महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, आणि गोळी एकदम थांबवली तर आजार नसतानाही जीव धोक्यात येऊ शकतो. ती किती आणि कधी कमी करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. पुढच्या भेटीला मी सोबत येईन. तोवरचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवा.

तुमची लेक