आजीबद्दल दोन पानं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ग्रामस्थ मंडळ शाळेत आजीचा फोटो लावणार आहे, तेव्हा वाचायला दोन पानं लिहून पाठव, असं तुम्ही फोनवर म्हणालात. बसले लिहायला. पण 'थोर', 'त्यागमूर्ती' वगैरे माझ्याच्याने लिहवेना. आजीने ते ऐकलं असतं तर 'कोण गो ही बाई?' म्हणून मलाच विचारलं असतं. तेव्हा हे तुम्हा दोघांनाच पत्र समजा.

गावाला आजी आठवते ती पोलिओच्या रविवारची. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हा उपकेंद्राच्या नर्सबाईंना बूथवर बसायला बायका हव्या होत्या. 'नातवंडांना घेऊन येणारच आहे, तर बसते थोडी' म्हणून आजी बसली, ती पुढे कित्येक वर्षं उठलीच नाही. सुरुवातीला जे बूथवर येतील त्यांनाच डोस मिळायचे. १९९९ नंतर उरलेल्यांसाठी घरोघर जायचं ठरलं आणि तिथून आजीला खरा जोर आला. खालची आळी, कोळीवाडा, मोहल्ला इतर बायका वाटून घ्यायच्या. आजी सड्यावरची वाट मागून घ्यायची. कारण जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याला मोहोर असतो आणि बागांतून नेपाळी रखवालदार बायकापोरांसह राहायला आलेले असतात. त्यांची नावं गावच्या कुठल्याच यादीत नसत. यादीत नाव नाही म्हणजे पोर नाही असं कुठे आहे, हा तिचा सवाल. त्याला नर्सबाईंकडेही उत्तर नव्हतं.

एकदोनदा मी तिच्याबरोबर गेले होते. बर्फाच्या पेटीचा पट्टा नर्सबाईंच्या खांद्यावर, खडू माझ्या हातात, आणि पुढे आजी, नऊवारीचा काचा वर खोचून पाखाडी चढणारी. एका बागेत आम्हाला बघून बाईने पोराला झोपडीत लपवलं. आजीने पोराचं नावच काढलं नाही. उंबऱ्याशी बसली, पाणी मागितलं, चुलीवर काय शिजतंय ते विचारलं. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं, तरी गप्पा रंगल्या. पाच-दहा मिनिटांत पोरगं आपणच कुतूहलाने बाहेर आलं. आजीने पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा दाखवला. त्याने आ केला, तिने दोन बोटांनी गाल हलकेच दाबले, नर्सबाईंनी दोन थेंब सोडले, आणि मग तो खडा तोंडात गेला. डाव्या करंगळीला शाई लागेपर्यंत त्या आईच्या चेहऱ्यावरचं सावटही गेलं होतं. घरावर खूण करायची तर झावळ्यांच्या भिंतीवर खडू उमटेना. शेवटी मी दाराशी पडलेल्या चिऱ्यावर 'पी' काढला.

जानेवारी २०११ मध्ये बंगालात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. बाबा, तुम्ही पेपरातली ती बातमी आजीला ओटीवर मोठ्याने वाचून दाखवलीत. तिने विचारलं, 'म्हणजे आता रविवार बंद की काय?' बंद नव्हता झाला. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. मला अजून हसू येतं.

आमच्यासाठीही ती तशीच चिवट होती. माझ्या बाळंतपणाला पुण्याला आली ती आळिवाचे आणि डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांची दुपटी घेऊन. पहिल्या पोलिओ रविवारी पोराला घेऊन बूथवर गेलो, तर ही तिथल्या मुलीला म्हणते, 'बाटली दाखव बघू.' ती बिचारी गोंधळली. आजीने चष्मा कपाळावर ढकलून लेबलावरची खूण न्याहाळली. वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असला तर लस चांगली, दोन्हींचा रंग सारखा झाला की टाकून द्यायची. चौकोन फिका निघाला. मग पणतवाने डोस घेतला. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, 'गावच्या पोरांचं बघते, मग आपल्याचं बघायला नको?' तिच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. आमच्यापैकी कुणाला भाताची खरवड आवडते, कुणाला फणसपोळी कडेची लागते, हे जसं तिला पाठ, तसंच कोणत्या घरी केव्हाचं बाळ आहे हेही पाठ.

कासवांचं थोडक्यात लिहिते, कारण त्यावर मंडळातले लोक बोलतीलच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. ते किनाऱ्याकिनाऱ्याने आपल्याकडे आलं, तेव्हा बाबा, तुम्हीच म्हणाला होतात, 'अंड्यांना राखण? माणसांना आहे का आधी?' आजी मात्र सभेत उठून म्हणाली, की ज्यांना वाळूवरच्या मागावरून घरटं बरोबर सापडतं, त्यांनाच राखणीला बसवा. ते लोक कशासाठी माग काढायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सभेत एकदम शांतता. पण तसंच झालं. एका घरट्यात शंभरावर अंडी असतात, ती कुंपणात नेऊन पुरायची आणि दीड-दोन महिने वाट बघायची. पिल्लं निघायच्या सुमारास आजी पहाटे जाऊन घरट्यावर झाकलेली टोपली उचलायची. रिकामी निघाली तर वाळू हाताने नीट सारखी करून परत ठेवायची आणि येताना देवळात फुलं वाहून यायची.

आता निसर्ग वादळाचं. ३ जून २०२० ला ते येऊन गेलं. आपल्या आगरातल्या पोफळी अर्ध्याहून जास्त पडल्या, नारळ मुळासकट उपटले, शाळेचे पत्रे उडाले, आणि पुढे कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. वर करोनाची टाळेबंदी. मला इकडे काही कळत नव्हतं. पुढे जे कळलं ते आत्याकडून, तुम्ही दोघांनी कधी सांगितलं नाहीत. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, नुकती भरून झाली होती. आजीने दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात उभं राहून सांगितलं, की ज्यांच्या चुली बुजल्या त्यांनी आपल्याकडे जेवायला या. आणि आई, तू माजघरात कणगीपुढे उभी होतीस. तू म्हणालीस, 'पावसाळाभर काय खायचं? गणपतीला काय घालायचं?' ती म्हणाली, 'तो बघेल की त्याचं.' त्यावर तू काहीच बोलली नाहीस, आणि पुढे चार-पाच दिवस तिच्याशी बोललीच नाहीस म्हणे. पण रोज दोन वेळा भात आणि कुळथाचं पिठलं तूच शिजवलंस, ओल्या लाकडांच्या धुरात, पन्नास-साठ माणसांचं. आजी वाढायला पुढे असायची. गावाने जेवण आजीच्या नावावर लिहिलं.

आई, मला तुझा राग बरोबर वाटतो. कणगीची फिकीर कुणीतरी करायलाच हवी होती, आणि आजीने ती कधीच केली नाही, कारण ती तू करतेस हे तिला माहीत होतं. पोलिओच्या रविवारी नर्सबाई आणि बरोबरच्या बायका आपल्याकडे जेवायच्या, ते कोण रांधत होतं? आजी सड्यावर जायची तेव्हा आजोबांची औषधं, गोठा, आमच्या वेण्या, शाळेचे डबे हे सगळं तुझ्याकडे. सासू चार दिवस वेळासला प्रशिक्षणाला गेली, तेव्हा तू ताप अंगावर काढलास हे मला आठवतं. आजी मोठीच होती, त्यात शंका नाही. शेवटच्या आजारात मात्र तिने तुझा हात सोडला नाही. गावची इतकी माणसं भेटायला येऊन गेली, पण पाणी ती तुझ्याच हातून प्यायची. यावरून तिला काय कळलं होतं ते मी ओळखते. तिने तोंडाने कधी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

तेव्हा बाबा, त्या दिवशी आईला स्वयंपाकात अडकवू नका. प्रसादाचं आचाऱ्याला सांगा, पैसे मी पाठवते. तिला पुढच्या खुर्चीवर बसवा. आणि हे वाचाल तेव्हा तिच्याबद्दलचा भाग गाळायचा नाही. तुमचा आवाज भरून येईल अशी सबब सांगाल, म्हणून आधीच सांगते, मी आदल्या दिवशी खेडला उतरून संध्याकाळपर्यंत घरी पोचतेय. तुम्ही गाळलंत तर मी वाचीन.

दोघांनी गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
लेक