कोणता चार्ज, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या गुन्हेवृत्ताच्या पानावर एका पतसंस्थेतल्या अपहाराची बातमी होती. मथळा ‘संचालकांवर चार्ज’. पहिल्या परिच्छेदात पोलिसांनी आरोपपत्र दाखल केल्याचे लिहिले होते, दुसऱ्यात न्यायालयाने आरोप निश्चित केल्याचे, आणि शेवटी ‘संचालकांना डिस्चार्ज मिळणार का, याकडे ठेवीदारांचे लक्ष’. आरोप एकदा निश्चित झाले की त्याच न्यायालयात डिस्चार्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच सुटका, मागायची वेळ निघून गेलेली असते. म्हणजे तीनपैकी एक तरी वाक्य चुकीचे. माझी सगळी नोकरी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात गेली, त्यातली बरीच वर्षे बेंच क्लार्क म्हणून रोजनामे, म्हणजे खटल्यात त्या त्या दिवशी काय झाले त्याच्या नोंदी, लिहिण्यात, त्यामुळे मला ते खटकले. ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही, त्यांनी मथळा वाचला आणि पान उलटले. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर तर ‘लागला ना चार्ज, आता बसा आत’ असा निकाल सकाळी फिरायला आलेल्यांनी देऊनही टाकला.

म्हणून क्रम सांगतो. पोलीस तपास संपवून न्यायालयात जे कागद देतात ते दोषारोपपत्र. वर्तमानपत्रे त्याला आरोपपत्र म्हणतात, पोलीस चौकीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे चार्जशीट म्हणतात. काहीही म्हणा, ते पोलिसांचे म्हणणे असते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली येई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली येते. आरोपी कोठडीत असेल तर ते मुदतीत यावे लागते, गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत. नाही आले तर त्याला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो. अशा जामिनाची बातमी मात्र ‘आरोपी सुटला’ अशी येते आणि तपासात ढिलाई कोणाची झाली हे कोणी विचारत नाही.

न्यायाधीश जो चार्ज ठेवतात तो यापुढचा टप्पा. दोन्ही बाजूंचे ऐकून, खटला चालवण्याजोगे कागदावर काही आहे असे वाटले, तर ते आरोप लेखी तयार करतात, आरोपीला वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? बहुतेक जण ‘कबूल नाही’ म्हणतात. त्या कागदाला निशाणी क्रमांक, म्हणजे खटल्याच्या कागदांतला नोंदीचा आकडा, पडतो आणि खटला सुरू होतो. तोवर एकही साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो. नव्या संहितेने आरोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत हे काम उरकायला सांगितले आहे. कागदावर काहीच नसेल तर न्यायाधीश आरोप न ठेवता आरोपीला सोडतात. हाच तो डिस्चार्ज, मराठीत दोषमुक्ती. साक्षीपुरावे होऊन सुटला तर निर्दोष मुक्तता. ‘सुटका’ या एकाच मथळ्याखाली आपण जामीन, दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता तिन्ही बसवता.

या डिस्चार्जवरून आठवले. एका तरुण आरोपीच्या आईला वकील सांगत होते, ‘मावशी, आपण डिस्चार्जचा अर्ज टाकू.’ ती बिचारी म्हणाली, ‘अहो, पण तो आजारी कुठंय?’ वकीलसाहेब हसले. मला काही हसू आले नाही. दवाखान्यातला डिस्चार्ज तिला ठाऊक होता, कोर्टातला कोणी मराठीत सांगितलाच नव्हता.

इंग्रजांचे त्यांच्या भाषेत भागते. चार्ज हा एकच शब्द ते पैशाला, आरोपाला, विजेला, जबाबदारीला आणि चाल करून जाण्याला वापरतात आणि संदर्भावरून ओळखतात. आपल्याकडे ही कामे वेगवेगळ्या शब्दांकडे आहेत, आणि ते शब्द कोशात पडलेले नाहीत, रोज हाताखालून जातात. महावितरणचे बिल काढून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. त्याखाली ‘वीज शुल्क’ वेगळे, कारण ते सरकारचे. आकार कंपनीचा, शुल्क सरकारचे, हा भेद त्या बिलाने मराठीत नीट पाळला आहे. (रक्कम पाहून माझा रक्तदाब वाढतो, पण मराठीला नाव ठेवता येत नाही.) सातबाऱ्यावरही ‘आकार’ आहेच, तो जमिनीचा. त्याच उताऱ्यात इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०० मधला चार्ज, म्हणजे येणे रकमेपोटी मालमत्तेवर राहणारा हक्क, आमच्या मुळशी-मावळातल्या शेतकऱ्याला ‘बोजा’ म्हणून पक्का कळतो. बोजा चढला, कर्ज फेडले की तो उतरवून घ्यायचा. साहेब बदलले की पदभार, रजेवर गेले की अतिरिक्त कार्यभार. शाळेच्या विज्ञानात धन प्रभार आणि ऋण प्रभार. पोलिसांनी जमावाला चोपले की लाठीमार. हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रवालेच छापत आलात. आता तुम्हीच ‘लाठीचार्ज’ लिहू लागलात. ‘सौम्य’ मात्र तसेच ठेवलेत, तो कोणाच्या पाठीवर सौम्य असतो कोण जाणे.

फोन चार्जिंगला लावू नका असे मी म्हणत नाही. नातवाला ‘फोन प्रभारित कर’ म्हटले तर तो मलाच डॉक्टरकडे नेईल. पार्किंगवाल्याला ‘चार्ज किती?’ विचारले तरी काही बिघडत नाही, घासाघीस व्हायची ती होतेच. तिथे चूक झाली तर फार तर दहा रुपये जातात. गुन्हेवृत्तात चूक झाली की एखाद्याच्या मुलीचे जमत आलेले लग्न मोडते.

तेव्हा मागणी एवढीच, की आपल्या वार्ताहरांना आणि मथळे देणाऱ्या उपसंपादकांना एक पानभर सूचना द्यावी. पोलिसांनी कागद दिले तर ‘दोषारोपपत्र दाखल’. न्यायालयाने ठेवला तर ‘आरोप निश्चित’, आणि सोबत आरोपीने कबूल केला की नाकारला तेही, कारण हल्ली ते कुठेच नसते. पुढे दोषमुक्त, निर्दोष, जामीन हे तीन शब्द तीन ठिकाणी. ‘चार्ज’ मथळ्यात अक्षरे कमी लागतात म्हणून वापरला जातो हे मला समजते, पण ‘आरोप’ लिहायला एकच अक्षर जास्त लागते, मोजून पाहावे. आणि पतसंस्थेच्या त्या बातमीत नक्की काय घडले, दोषारोपपत्र आले की आरोप निश्चित झाले, ते रोजनामा पाहून त्याच पानावर पुन्हा छापावे. ठेवीदारांत आमच्या इमारतीतलीही दोन घरे आहेत.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
नारायण पेठ, पुणे ३०