जाताना बोगदा, येताना घाट

पर्थ, १२ डिसेंबर

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सिडनीला जायला चार तास आणि यायला पाच? येताना ड्रायव्हर नवशिका असतो काय?" आणि तेवढ्यात रेंज गेली. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला 'असंच असतं' सांगून भागायचं नाही, म्हणून हे पत्र.

पर्थ ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिडनी पूर्व किनाऱ्यावर; हवाई अंतर साधारण ३,२८० किलोमीटर. मुंबई-दिल्लीच्या जवळपास तिप्पट, आणि हे एकाच देशात! आता दहा-अकरा किलोमीटर उंचीवर इकडे पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८५० धरा आणि वारा १००. जाताना वारा पाठीशी, म्हणजे ९५०. येताना तोंडावर, म्हणजे ७५०. भागाकार तुम्हीच करा, वर चढ-उताराचा वेळ धरा. थंडीच्या दिवसांत, म्हणजे इकडे जून-जुलैत, वारा आणखी जोर धरतो. आपल्या कोल्हापूर-पुणे गाडीचंच बघा ना, जाताना खंबाटकीचा बोगदा असायचा आणि येताना घाट. वारा चुकवायला वैमानिक येताना कधी वाकडी वाटही धरतात, मग किलोमीटरही वाढतात. तुम्ही लॉगशीटवर 'उशिराचं कारण: वारा' लिहिलं असतं तर डेपोत काय झालं असतं, या विचाराने मला विमानात एकटीला हसू आलं.

घड्याळ मात्र अगदी उलटं बोलतं. उन्हाळ्यात सिडनीवाले घड्याळ तासभर पुढे करतात, पर्थवाले करत नाहीत. (२००९ साली इथे त्यावर मतदान झालं, लोकांनी नकोच म्हटलं.) त्यामुळे एरवी दोन तासांचा असलेला फरक सध्या तीनचा आहे. सकाळी सहाला इथून निघाले की तिथे दुपारचा एक. संध्याकाळी सहाला तिथून निघाले की इथे रात्रीचे आठ. घड्याळाप्रमाणे जायला सात तास, यायला दोन! शरीराला विचारलं तर ते तिसरंच काही सांगतं.

वाटेत वाळवंट दिसेल म्हणून हट्टाने खिडकी घेतली होती, पण विमान बराच वेळ दक्षिणेच्या समुद्रावरूनच गेलं. वाळवंटाची मजा रस्त्याने. तिकडे नलार्बरच्या माळाकडे जाताना १४६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. कोल्हापूरहून निघून सातारा मागे पडेपर्यंत स्टेअरिंग हलवायचं नाही, विचार करा. तुम्ही आलात की तिथे जाऊ. गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसून चुका काढा.

आईला एक सांगा. पुढच्या आठवड्यात मी चार दिवस सिडनीत आहे. तिचा रोजचा सातचा फोन इथे साडेनऊला येतो, तिकडे तो रात्री साडेबाराला वाजेल. मागच्या वेळी झोपेतून उचलला, तर "आवाज असा का येतोय, आजारी आहेस का?" म्हणून अर्धा तास चौकशी चालली. तेवढे चार दिवस तिने तुमच्याकडच्या दुपारी तीनला करावा, तिकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतील, मी ऑफिसातून सुटलेली असेन.

गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
शमू