फॅब्रिकेशनवाल्या दादांना जाहीर आभारपत्र

दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पश्चिमेकडच्या गॅलरीचं कौतुक सध्या लेकीच्या वाट्याला येतंय, कारण कल्पना तिची. डेन्मार्कमधल्या आरहूसच्या कलासंग्रहालयाच्या छतावर कलाकार ओलाफुर एलियासन यांनी 2011 मध्ये रंगीत काचेची 150 मीटरची गोल वाट केली आहे. त्याचे फोटो घेऊन ती तुमच्याकडे आली होती. तुम्ही ते नीट पाहिलेत, ‘आमच्या आजोळच्या वाड्यात अशी तावदानं होती’ म्हणालात आणि टेप काढलीत. पुढचं सगळं तुमचं, म्हणून हे पत्र.

काच नको, पॉलिकार्बोनेट म्हणजे मजबूत पारदर्शक प्लॅस्टिकची शीटं घ्या, हे तुम्ही सांगितलंत. गॅलरी भिंतीतून पुढे काढलेली, वजन जितकं कठड्याकडे तितका ताण जास्त. म्हणून चौकटीचा भार तुम्ही मागच्या भिंतीवर घेतलात. स्लॅबला वरून एकही भोक पाडू दिलं नाहीत. अशा गॅलरीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं! स्क्रूची भोकं मात्र ऐसपैस ठेवलीत. मीटरभर शीट 30 अंशांच्या फरकानं जवळजवळ 2 मिलिमीटर वाढतं, घट्ट आवळलं तर फुगतं, तडकतं. पट्ट्यांमध्ये फटी सोडल्यात, नाहीतर पावसाळी वाऱ्यात त्याचं शीड झालं असतं.

आणि रंग! शीटं तीनच रंगांची: लाल, पिवळी, निळी. पण ती रुळावर सरकती केलीत. निळ्यावर पिवळं आलं की हिरवा, लालवर पिवळं आलं की केशरी. हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हतं आणि बिलातही दिसलं नाही.

जिथे बंद पडलेला कूलर, रद्दी आणि कबुतरं नांदत होती, तिथे आता आई तांदूळ निवडायला बसते. निळ्या उजेडात खडे दिसत नाहीत अशी तिची तक्रार असते, मग स्वतःच पिवळं शीट ओढून घेते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की रंग थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर जातात.

पावसाळ्याआधी नट-बोल्ट तपासायला येतो म्हणालात. या, पण वहिनींना घेऊन या आणि जेवूनच जा. त्या सरकत्या रुळांची मजुरी लावायची राहिली आहे, तीही तेव्हा घ्या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई